तेराव्याला दारात उभा राहिलेला मुलगा

वडिलांचा तेरावा आटोपतो, पाहुणे पांगतात आणि विशीतला एक अनोळखी मुलगा दारात येऊन उभा राहतो. नाकाचा शेंडा वडिलांचाच. आई आत निघून जाते. थोरला भाऊ पहिलं वाक्य बोलतो ते बहुधा असं : “हा आता जमिनीत वाटा मागणार.”

मागेल का, हा पुढचा प्रश्न. मिळेल का, याबद्दल मात्र घराघरांत दोन टोकं ऐकू येतात. एक, बाहेरच्या मुलाला छदामही मिळत नाही. दुसरं, कोर्टानं आता सगळ्यांना सारखं केलंय. दोन्ही चूक.

हिंदू कायद्यापुरतं बोलायचं तर सगळं एका गोष्टीवर अडतं : वडिलांनी त्या बाईशी लग्न लावलं होतं का? पहिली बायको असताना देवळात जाऊन हार घातले असतील तर ते लग्न रद्दबातल, पण त्यातून झालेलं मूल १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार औरसच. मात्र त्याचा हक्क आईवडिलांच्या मालमत्तेपुरता. आजोबा-काकांच्या वाट्याला तो हात लावू शकत नाही. वडिलोपार्जित जमिनीत वडिलांचा म्हणून जो वाटा, त्यात मात्र तो येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

हिशेब आण्यांत करून बघा. वडील, आई, मुलगा, मुलगी अशा चौघांची वडिलोपार्जित जमीन आहे. वडिलांच्या मृत्यूआधी वाटणी झाली असं धरायचं, म्हणजे प्रत्येकाचे चार आणे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांचे चार आणे चौघांत जातात : बायको, दोन मुलं आणि हा दारातला. त्याच्या हाती रुपयात एक आणा, बाकी तिघांना पाच-पाच. त्याच्या आईला विधवा म्हणून काही नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या फ्लॅटमध्ये मात्र तो चौथ्या हिश्शाचा धनी. ज्या एका आण्यासाठी भाऊ कोर्टाची पायरी चढतात, त्याहून जास्त पैसे कधीकधी वकिलाकडे जातात.

लग्न लावलंच नसेल, नुसते संबंध असतील, तर चित्र पालटतं. १९५६ च्या वारसा कायद्यात असं मूल आईचं वारस असतं, वडिलांचं नसतं. वडिलांना द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पोटगीचं तसं नाही. अज्ञान मुलाच्या पोटगीसाठी आईवडिलांचं लग्न झालं होतं की नाही, हे कायदा विचारत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १४४. आणि ते सर्व धर्मांना लागू आहे.

‘डीएनए करून टाका, सोक्षमोक्ष लागेल’ हा सल्ला तर पानपट्टीवरही मिळतो. पण लग्न टिकून असताना बाईला मूल झालं की कायदा नवऱ्यालाच बाप धरतो. नवराबायकोला त्या काळात एकत्र येणं शक्यच नव्हतं हे आधी दाखवावं लागतं. आईनं मुलाचा बाप दुसराच असल्याचं सांगितलं, तरी तेवढ्यावर त्या माणसाला चाचणीला उभं करता येत नाही, असं जानेवारी २०२५ च्या निकालात आलं. त्याआधी २०२३ मध्ये, बायकोचे बाहेर संबंध होते हे सिद्ध करायला मुलाची चाचणी मागणाऱ्या नवऱ्यालाही न्यायालयानं नकार दिला. मला हे पटतं : भांडण दोघांचं, सुई तिसऱ्याला का टोचायची?

सासूबाईंचा एक हुकमी दावा असतो : “पोरगा आमच्या वंशाचा, त्याला इकडे आणा.” लग्नाबाहेर झालेल्या अज्ञान मुलाची नैसर्गिक पालक आधी आई आणि तिच्यानंतर वडील, असा १९५६ च्या पालकत्व कायद्याचा क्रम आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर बापाचं नाव न सांगता अविवाहित आईला एकटीनं पालकत्व मिळू शकतं, असं म्हटलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावापाठोपाठ आधी आईचंच नाव येतं.

‘मासूम’ (१९८३) पाहिलेल्या पिढीला वाटतं, चांगली बायको शेवटी त्या मुलाला पोटाशी धरतेच. सिनेमात त्याची आई वारलेली असते, हे सोयीस्कर. प्रत्यक्षात नवऱ्याच्या अशा मुलाला घरात घ्यायची सक्ती बायकोवर कोणताच कायदा करत नाही. तिनं नाही म्हटलं तर ती दुष्ट ठरत नाही, आणि तिच्या नकारानं वडिलांची पोटगीही सुटत नाही.

राहिला तो दारातला मुलगा. तलाठ्याकडे वारस नोंद करताना त्याचं नाव गाळलं की विषय मिटला, असं भावांना वाटतं. ती नोंद महसुलाच्या सोयीची असते, मालकी तिच्यानं ठरत नाही. त्याचा आणा असेल तर तो तसाच राहतो. आणि कित्येकदा तो आण्यासाठी आलेलाच नसतो. वडिलांचा एखादा फोटो मिळेल का, एवढंच विचारायला आलेला असतो.