जाड पुस्तक म्हणजे अवघड खेळ?

टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, गेम मास्टरने प्रसंग उभा करायचा आणि पुढे काय घडतं ते बोलण्यातून आणि फाशांवरून ठरवायचं, हा टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांचा सांगाडा. नियम किती असावेत, हा या खेळांच्या चाहत्यांमधला न संपणारा वाद. पण नियम कमी केले की गुंतागुंत कमी होते, हे दोन्ही बाजूंना मान्य असतं आणि नेमकं तेच खरं नाही. एखादा नियम काढून टाकला तरी तो ज्या प्रश्नाचं उत्तर देत होता, तो प्रश्न उरतोच. ते उत्तर शोधण्याचं काम तेवढं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जातं.

छोटी पुस्तकं आणि मोकळा खेळ ही आजकालची टूम आहे, हा समज तर दीडशे वर्षं मागे नेऊन तपासता येतो. प्रशियाच्या सैन्यात 1824 मध्ये धाकट्या राइसविट्झने नकाशावर खेळायचा युद्धखेळ आणला. त्यात सैन्याच्या हालचालीला मोजमाप होतं आणि मारा किती लागला हे फासे व कोष्टकं पाहून ठरे. पुढे कोष्टकांत वेळ जातो अशी कुरकुर सुरू झाली आणि 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सुचवलं की कोष्टकं बाजूला ठेवा, पंचाने आपल्या अनुभवावरून निकाल द्यावा. खेळ सुटसुटीत झाला खरा, पण त्याला युद्ध पाहिलेला, माहितीचा पंच लागू लागला. कोष्टकात लिहिलेलं ज्ञान आता पंचाच्या डोक्यात असावं लागणार होतं.

रोलप्लेइंग खेळांचा आरंभही साधेपणातून झाला असं सर्रास म्हटलं जातं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचं 1974 मधलं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे एका डबीतल्या तीन छोट्या पुस्तिका. मात्र त्या पुस्तिका वाचणाऱ्याला 'चेनमेल' हा आधीचा युद्धखेळ ठाऊक आहे, असं धरून लिहिलेल्या होत्या. मधल्या कितीतरी पायऱ्या ज्याच्या त्याने भरायच्या. लगेच पुढच्या वर्षी केन सेंट आंद्रे यांनी फक्त सहा बाजूंचे फासे वापरणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला, तो हे मूळ नियम नीट उमगत नाहीत म्हणूनच. शेवटी 1977 मध्ये एरिक होम्स यांनी नवख्यांसाठी वेगळा संच संपादित केला. पानं थोडी होती, शिकणं सोपं नव्हतं.

उलट बाजूही पाहावी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये वार लागला का हे वीस बाजूंच्या फाशावर, चोराने कुलूप उघडलं का हे टक्केवारीवर आणि शत्रू बेसावध सापडला का हे सहा बाजूंच्या फाशावर ठरे. कुठे मोठा आकडा चांगला, कुठे लहान. चिलखत जितकं भक्कम तितका त्याचा आकडा उतरता, हे तर वर्षानुवर्षं लोकांना छळत राहिलं. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने बहुतेक सगळं एका सूत्रात बसवलं: वीस बाजूंचा फासा टाका, आपली कुवत मिळवा, ठरलेला आकडा गाठा. या आवृत्तीची पुस्तकं भारदस्त होती, तरी मूळ यंत्रणा आधीच्यापेक्षा सोपी होती. जाडी वाढली ती अपवादांनी, मंत्रांच्या वर्णनांनी आणि पर्यायांच्या याद्यांनी. त्यामुळे एकाच टेबलावर योद्ध्याचा खेळाडू थोडक्या माहितीवर निभावून नेतो, तर जादूगाराच्या खेळाडूला पुस्तक उघडं ठेवावं लागतं. पानं मोजून अवघडपणा कळत नाही, तो असा.

नियम जास्त म्हणजे वास्तव जास्त, हा आणखी एक हट्टी समज. 1978–79 मधल्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत लढाईची एक फेरी मिनिटभराची होती. त्या मिनिटातली सगळी झटापट मिळून सहसा वार लागला का, याचा एकच फासा! गायगॅक्स यांनी स्वतःच, हा खेळ आहे, वास्तवाची नक्कल नाही, असं बजावलं होतं. 1980 मधल्या 'आर्म्स लॉ' या लढाईच्या नियमपुस्तकात मात्र वीस प्रकारची चिलखतं आणि हत्यारागणिक वेगळं कोष्टक होतं. त्यातून जखमांचे तपशील मिळाले. ते खऱ्या लढाईशी किती जुळतात हा प्रश्न वेगळाच.

यावर आक्षेप येईल की नवख्याला तीनशे पानं दाखवली तर तो पळून जाणार, मग हलके नियमच बरे ना? पळून जाणार, हे खरं आहे आणि ती अडचण खोटी ठरवण्यात अर्थ नाही. पण तोच नवखा गेम मास्टर झाला, तर एकपानी खेळात त्याला दर दोन मिनिटांनी निवाडा करावा लागतो, तोही पाठीशी काही नसताना. हलकेपणा खेळाडूला मिळतो, भार मास्टर उचलतो. 2010 मधल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने यावर नामी उपाय काढला. सहा बाजूंचे दोन फासे: दहा किंवा वर आले तर जमलं, सात ते नऊ आले तर जमलं पण किंमत मोजून, त्याखाली मास्टरची पाळी. फाशांचं काम इतकंच, मात्र मास्टरने कधी काय करायचं याचे नियम चांगले सविस्तर. हा खेळ हलका म्हणून ओळखला जातो, पण त्याचं पुस्तक पातळ नाही.

सोप्या नियमामागचं गणितही सोपं असेलच असं नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंच्या एका फाशाऐवजी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. लहान मुलालाही कळेल. अकरा किंवा जास्त हवे असतील तर शक्यता 50 टक्क्यांवरून 75 वर जाते. पण थेट वीसच हवे असतील तर 5 वरून जेमतेम 9.75 वर. एकाच सवलतीचं मोल दर वेळी बदलतं आणि खेळाडूला ते जाणवतही नाही. गुंतागुंत इथे रचनाकाराने आधीच निस्तरून ठेवली आहे.

राहिला शेवटचा समज, की गुंतागुंत कुणालाच नको असते, नाइलाजाने सोसली जाते. 2008 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची चौथी आवृत्ती आली तेव्हा तिसरीची घडण सोडायला तयार नसलेले खेळाडू भरपूर होते. त्यांच्यासाठी पुढच्याच वर्षी 'पाथफाइंडर' निघाला, 576 पानांचा, आणि तो जोरात चालला. पात्राची एकेक कला निवडत, बेरजा जुळवत, पुढच्या पाच पातळ्यांचा बेत आखत बसणं हाच त्यांच्यासाठी निम्मा खेळ होता आणि तो टेबलावर कुणी नसतानाही खेळता येत होता.