कर्ज फेडा, माफी मागा, मग हज

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून हजची विमानं सुटू लागली की वर्धा रोडपलीकडच्या मनीषनगरातही त्याची चाहूल लागते. विदर्भातल्या गावागावांतून गाड्या येतात. एकेका यात्रेकरूला निरोप द्यायला पंधरा-वीस माणसं जमतात, गळ्यात हार पडतात, म्हाताऱ्या बहिणी रडतात. बातमीत मात्र विमानं किती, कोटा किती, भाडं किती एवढंच येतं. ही माणसं विमानतळापर्यंत काय काय निस्तरून पोचली, ते कुणी लिहीत नाही. हजचा अर्थ मला तरी तिथेच जास्त दिसतो.

कुराणाच्या तिसऱ्या अध्यायातली ९७वी आयत हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, करते, पण सरसकट सगळ्यांवर नाही. ज्याची तिथवर पोचण्याची ऐपत आहे, त्याच्यावर. या ऐपतीचा अर्थ धर्मशास्त्राने फार बारकाईने लावला आहे. प्रकृती साथ देणारी हवी, वाट सुरक्षित हवी, जाण्या-येण्याचा खर्च स्वतःजवळ हवा आणि आपण परतेपर्यंत घरच्यांच्या पोटापाण्याची सोय झालेली हवी. देणं थकलं असेल तर आधी ते फेडायचं. घर उपाशी ठेवून देवाच्या दारी जाण्याची मुभा इथे नाही. ज्याच्याकडे नाही त्याच्यावर हज फर्जच होत नाही, आणि त्यामुळे त्याच्या श्रद्धेत काही उणंही येत नाही.

हजच्या सरकारी अनुदानाच्या वादात ऐपतीची ही अट किती वर्षं बाजूला पडली होती! तिची आठवण करून दिली ती सर्वोच्च न्यायालयाने. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या, मुळात खासगी टूरवाल्यांच्या कोट्याबद्दलच्या प्रकरणात मे २०१२ मध्ये न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी हीच आयत निकालात उद्धृत केली आणि दहा वर्षांत अनुदान संपवायला सांगितलं. आपल्या यात्रेचा मोठा खर्च सरकार उचलतं हे कळलं तर अनेक यात्रेकरूंनाच ते रुचणार नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं. अनुदानावर रान उठवणाऱ्यांपेक्षा या दोन न्यायमूर्तींनी श्रद्धाळू माणसाचं मन अधिक ओळखलं, असं मला वाटतं. २०१८ मध्ये अनुदान बंद झालं. आज सरकारी हज कमिटीतर्फे जायलाही काही लाख रुपये लागतात, आणि तरीही अर्ज जागांपेक्षा जास्त आले की कुर्रा, म्हणजे सोडत, काढावी लागते. आयुष्यभर थोडं थोडं बाजूला टाकणारी माणसं अजून आहेत.

पैशांचा हिशेब मिटला तरी दुसरा उरतो. नीट पार पडलेल्या हजनंतर माणूस आईच्या पोटातून नुकताच जन्मल्यासारखा निष्पाप होतो, असं हदीसमध्ये आहे. पण माणसाने माणसाचं बुडवलेलं देणं, दाबलेली जमीन, केलेला अपमान यांची माफी त्या त्या माणसाकडूनच मिळवावी लागते, असं उलेमा, म्हणजे धर्मपंडित, बजावतात. म्हणून निघण्याआधी घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणायचं. बांधावरून अबोला धरलेल्या भावाच्या दारात उभं राहायचं. मला विचाराल तर हे हजमधल्या अराफातच्या मैदानातल्या उन्हापेक्षा अवघड आहे.

मुंबईहून हजची जहाजं जायची, तेव्हा या सगळ्याला वेगळाच गंभीरपणा होता. नागपूरकर रेल्वेने मुंबई गाठायचे, मुसाफिरखान्यात थांबायचे, मग कित्येक दिवसांचा समुद्र. परत येऊच याची खात्री नसायची. १९९५ नंतर जहाजं बंद झाली. आता काही तासांत जेद्दा येतं. जे थेट मक्केला निघतात, त्यांना मक्केभोवतीच्या मीकात या हद्दीआधीच, म्हणजे विमानात चढण्यापूर्वी किंवा विमानातच, एहराम हा यात्रेचा वेश बांधावा लागतो. पुरुषांना दोन न शिवलेली कापडं. शेतमजूर कोण आणि कारखानदार कोण, कपड्यावरून ओळखता येत नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या मारताना हे लाखो लोक एका आईच्या मागे चालतात: तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत धावलेल्या हाजराच्या. एका गुलाम मानल्या गेलेल्या बाईची तगमग पुढे सगळ्यांचा धर्मविधी झाली, याचं मला फार अप्रूप आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. फर्ज आयुष्यात एकदाच आहे. मक्केहून मदिनेला हिजरत केल्यानंतर पैगंबरांनीही हज एकदाच केला, इ.स. ६३२ मध्ये. हज कमिटीचाही नियम एकदाच जाण्याचा. तरी ऐपतदार लोक खासगी टूरने पुन्हा पुन्हा जातात. इमाम गझालींनी आपल्या ग्रंथात बिश्र अल-हाफी या सूफीची हकीकत दिली आहे. ऐच्छिक हजला निघालेला एकजण त्यांचा निरोप घ्यायला आला. खर्चासाठी जवळ दोन हजार दिरहम. बिश्र म्हणाले, तुला अल्लाहची मर्जीच हवी ना, मग हे पैसे दहा जणांना वाट. कर्जात बुडालेल्याला, लेकुरवाळ्याला, अनाथाला सांभाळणाऱ्याला. त्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं, मन प्रवासाकडेच ओढतंय. ही जुनी गोष्ट यात्रेकरूंच्या तरबियती, म्हणजे प्रशिक्षणाच्या, कॅम्पमध्ये मुद्दाम सांगावी. दुसऱ्या हजचे पैसे ज्यांनी साठवलेत, त्यांच्याच मोहल्ल्यात पोरीची फी भरता न आलेला बाप राहत असतो.