कागदावर बाहुल्या, कंटेनरमध्ये रसायन

२५ मे २०१९ रोजी थायलंडच्या लाएम चबांग बंदरात ‘केएमटीसी हाँगकाँग’ या जहाजावर स्फोट होऊन आग भडकली. शंभराहून अधिक माणसांना उपचार घ्यावे लागले. काही कंटेनरांच्या कागदपत्रांत ‘बाहुल्या’ लिहिले होते, आत होते कॅल्शियम हायपोक्लोराइट. कशेळ्यासारख्या गावांत पाणी शुद्ध करायला वापरतात त्या टीसीएल पावडरचा हा अधिक तीव्र भाऊबंद. तापला की तो स्वतःच ऑक्सिजन सोडतो. त्यामुळे ही आग नुसती हवा कोंडून विझत नाही.

कशेळे कर्जत तालुक्यात, न्हावा-शेवा बंदर उरणमध्ये. जिल्हा एकच, रायगड. बंदरातून पुण्याकडे निघालेले ट्रेलर खालापूर तालुक्यातूनच घाट चढतात. बंदरात रोज हजारो कंटेनर हाताळले जातात. प्रत्येक उघडून बघणे अशक्य. मग कोणता उघडायचा, हे ठरते कसे?

आयातदाराच्या वतीने क्लिअरिंग एजंट ‘बिल ऑफ एन्ट्री’ भरतो. त्यात मालाचे वर्णन, आठ आकडी कोड, वजन, किंमत, पाठवणारा आणि देश असतो. कस्टम्सची ‘रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम’ २००५ पासून अशा नोंदी चाळून कोणती पुढे सोडायची आणि कोणती तपासायची, ते ठरवते. धोकादायक माल जहाजावर चढण्याआधीच सापडावा म्हणून जहाज कंपन्याही बुकिंग तपासतात. हापाग-लॉइडने त्यासाठी २०११ मध्ये ‘कार्गो पेट्रोल’ हे सॉफ्टवेअर सुरू केले.

अशी छाननी कशी होते, ते बाहुल्यांच्याच उदाहरणावर पाहू.

पहिली पायरी शब्दांची. रसायनाचे नाव, व्यापारी नावे, टोपणनावे आणि चुकीची स्पेलिंग यांची यादी वर्णनाशी ताडली जाते. ‘हायपोक्लोराइट’ दिसले, की त्याचा चार आकडी यूएन क्रमांक आणि धोक्याचा वर्ग दिला आहे का, हे पाहिले जाते. ‘बाहुल्या’ मात्र इथे सहज निसटतात.

दुसरी पायरी मेळ बसतो का, याची. बाहुल्यांनी भरलेला कंटेनर जागेने भरतो, वजनाने नाही. वीस टन ‘बाहुल्या’ दिसल्या की त्या कंटेनरचे संशयाचे गुण वाढतात. किलोमागे किंमत खेळण्यांच्या मानाने फारच कमी असेल, तर आणखी वाढतात. पाठवणारा एरवी रसायनेच पाठवत असेल, तर आणखी. एकेका खुणेने काही सिद्ध होत नाही. संशय बेरजेतून उभा राहतो.

तिसरी पायरी रेषेची. किती गुणांवर कंटेनर थांबवायचा? रेषा खाली ओढली तर यार्ड तुंबते, प्रामाणिक व्यापाऱ्याला नाहक खर्च पडतो आणि अधिकाऱ्यांचे लक्ष निर्दोष मालावर खर्ची पडते. वर ओढली तर घातक माल सुटतो. ही रेषा कुठे असावी, हा निर्णय गणिताचा नाही, जबाबदारीचा आहे. तो माणसांनीच घ्यायला हवा.

पुढचे काम यार्डात होते. एक्स-रे स्कॅनरमध्ये खेळण्यांच्या खोक्यांऐवजी पिंपांच्या रांगा दिसल्या, तर सील तोडून माल तपासतात, नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथला निकाल, दोषी असो वा निर्दोष, पुन्हा प्रणालीत नोंदवणे फार महत्त्वाचे. त्या नोंदींवरूनच पुढचे गुण सुधारतात.

या साऱ्याला एक मोठी मर्यादा आहे. संगणक कंटेनर पाहत नाही, कागद पाहतो. वर्णन, वजन, किंमत अशी सगळी खोटी माहिती एकमेकांशी जुळवून लिहिली, तर त्याला विसंगती सापडणार कुठून? म्हणून काही कंटेनर कोणताही संशय नसताना, निव्वळ यादृच्छिक निवडीने उघडावे लागतात. ही तपासणी कामाच्या घाईत कधीही गाळू नये.

खोट्या वर्णनाची किंमत कार्यालयाबाहेरची माणसे मोजतात. घातक माल नेणाऱ्या गाडीवर यूएन क्रमांकाचे पॅनेल आणि चालकाजवळ लेखी सूचना असणे बंधनकारक आहे. कागदावर बाहुल्या असतील, तर दोन्ही नसतात. घाटात अपघात झाला, तर चालक, मदतीला धावलेले गावकरी आणि अग्निशमन जवान, कोणालाच समोर काय जळते आहे ते कळत नाही.

म्हणून कागदपत्रे भरणाऱ्या कर्जत-खालापूरच्या तरुणांना कळकळीने सांगावेसे वाटते: पार्टी ‘नुसते पावडर लिहा’ म्हणाली, तर आधी मालाचे सेफ्टी डेटा शीट मागा. रसायनाचे पूर्ण नाव लिहा. शीट मिळेपर्यंत फॉर्म पुढे पाठवू नका.