वजन वर जाते, भार कुठे जातो?

अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी उल्हासनगरच्या वस्तीतून वाट काढत विठ्ठलवाडीवरून कल्याणच्या खाडीकडे जाते. एरवी नाल्यासारखी दिसणारी ही नदी पावसाळ्यात काय करते, हे काठच्या गाळेवाल्यांना सांगावे लागत नाही. 26 जुलै 2005 चे पाणी इथल्या लोकांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीने वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस अडकवून ठेवली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून सोडवावे लागले होते. अशा भागात वर्कशॉपमधला पोटमाळा ही चैन नसते. मोटारी, गिअरबॉक्स, प्रेसच्या डाय, कच्चा माल, जे जे पाण्याने खराब होईल ते पावसाआधी वर गेलेले बरे.

पण ते वर न्यायचे कसे? बहुतेक गाळ्यांत याचे उत्तर एकच असते: चार पोरे बोलवा आणि लोखंडी शिडीवरून चढवा. या उत्तराची मला खरोखर भीती वाटते.

समजा, 300 किलोची डाय तीन मीटर वर न्यायची आहे. त्यासाठी लागणारे काम सुमारे 8,800 जूल, म्हणजे जेमतेम दोन किलोकॅलरी. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी लावतात, असे धरले तरी आठ-नऊ किलोकॅलरी पुरतात. चहात घातलेल्या चमचाभर साखरेत याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते. तेव्हा अडचण ऊर्जेची नाही, एकाच क्षणी लागणाऱ्या जोराची आहे. चौघांनी उचलले तर प्रत्येकाच्या वाट्याला 75 किलो येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचे सूत्र तर उभे राहण्याची जागा, पकड, उंची असे सगळे मनासारखे असतानाही 23 किलोंपासून सुरू होते. शिडीवर यातले काहीच मनासारखे नसते. शिवाय चौघांचा भार सारखा राहतो, हेही खरे नाही. खालच्या पायरीवर जो असतो, त्याच्या अंगावर सगळे येते.

दुसरा उपाय म्हणजे छताच्या गर्डरला एक कप्पी आणि तीवरून दोर. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे यंत्र ओळखीचे आहे. मोटेचे चाक जोर वाचवत नाही, फक्त ओढीची दिशा बदलते. म्हणून तर धाव उताराची ठेवत आणि बैल भरली मोट ओढताना उतरणीला चालत. त्यांचे स्वतःचे वजन कामी येई. गाळ्यात उतार नाही आणि बैलही नाहीत. साठ किलोचा माणूस दोराला पुरता लोंबकळला तरी ओढ साठ किलोचीच होते.

याहून गंभीर गोष्ट माणसे दोर ओढत असताना कोणाच्या लक्षात येत नाही. दोराच्या एका बाजूला 300 किलोची डाय आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच ओढ, म्हणजे वरच्या गर्डरवर 600 किलोंहून अधिक भार. कप्पीने गर्डरचे काम दुप्पट केले. ‘तीनशे किलोच तर आहे’ म्हणून पत्रे पेलणाऱ्या कैचीला कप्पी टांगणारा माणूस या दुपटीचा विचारच करत नाही. मुळात ती कैची पत्र्यांसाठी आणि वाऱ्यासाठी बांधलेली असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर थॉमस वेस्टन या इंग्रज तंत्रज्ञाने यावर एक विलक्षण तोडगा काढला. एकाच दांड्यावर दोन चाके पक्की जोडायची, एक जरासे मोठे आणि एक जरासे लहान. समजा, मोठ्यावर साखळीच्या 15 कड्यांच्या खोबण्या आणि लहानावर 14. दोन्हींवरून एकच सलग साखळी फिरते आणि तिच्या खालच्या झोळात आकड्याची कप्पी असते. एका फेऱ्यात मोठे चाक 15 कड्या वर घेते, लहान चाक 14 सोडते. झोळ एका कडीने आखडतो आणि वजन अर्ध्या कडीइतके वर येते. हाताने 15 कड्या ओढल्या तेव्हा वजन अर्धी कडी चढले, म्हणजे तीस पट फायदा. हिशेबाने 300 किलोंना दहा किलोंची ओढ पुरायला हवी. प्रत्यक्षात पंचवीसच्या आसपास लागते, कारण निम्म्याहून अधिक कष्ट घर्षणात जातात.

त्या घर्षणामुळेच हे यंत्र वापरण्याजोगे झाले. वजन चढवताना घर्षण जर वजनापेक्षा जास्त काम खात असेल, तर उलट फिरताना त्या घर्षणावर मात करण्याइतका जोर एकट्या वजनात नसतो. त्यामुळे हात सोडला तरी डाय हवेत जागच्या जागी थांबते. निम्मे कष्ट वाया घालवणारे यंत्र माणसाचा जीव वाचवते. यंत्रशास्त्रातली इतकी सुंदर गोष्ट शाळेत कप्पी शिकवताना सांगायला हवी.

आज गाळ्यात दिसणारा चेन ब्लॉक याच्या पुढचा आहे. त्यात दातेरी चाके असतात, घर्षण कमी, त्यामुळे तो आपणहून थांबत नाही. म्हणून आत ब्रेक असतो आणि त्यालाही वेस्टनचेच नाव आहे. चढवताना जी ‘टिक-टिक’ ऐकू येते, ती दातेरी चकतीवरून सरकणाऱ्या खिट्टीची. ओढ थांबली की वजन दांडा उलटा फिरवू पाहते, त्याने दांड्याच्या आट्यांवरच्या ब्रेकच्या चकत्या आणखी घट्ट आवळल्या जातात आणि खिट्टी दातेरी चकतीला धरून ठेवते. वजन जितके जास्त, तितका ब्रेक पक्का. उतरवताना दुसऱ्या बाजूची साखळी आट्या किंचित सैल करते, वजन किंचित घसरते, पुन्हा आवळते. खिट्टी जागची हलत नाही, म्हणून उतरताना आवाज नसतो. चढताना आवाज बंद झाला, तर काम तिथेच थांबवून ब्लॉक उघडायला द्यावा. आणि पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून काहीजण त्यात वरून तेल ओततात, ते कधीही करू नये. ते तेल ब्रेकच्या चकत्यांवर गेले की उरलेले घर्षणही संपते.

1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 29 ने उचलण्याच्या प्रत्येक साधनावर सुरक्षित भार लिहिलेला असावा आणि वर्षातून एकदा तरी जाणकाराने तपासणी करावी, असे बंधन घातले. चार-पाच कामगारांचे गाळे त्या कक्षेबाहेरच राहिले. गुरुत्वाकर्षण कामगारांची संख्या मोजत नाही, म्हणून छोट्या गाळ्यानेही ही तपासणी स्वतःहून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आता पट्टा. डायला दोन बाजूंनी पट्टा बांधून मध्ये आकडा अडकवला की पट्ट्याचा कोन महत्त्वाचा ठरतो. दोन्ही पाय जमिनीशी 60 अंशांत असतील तर 300 किलोंसाठी प्रत्येकावर सुमारे 173 किलोंचा ताण येतो. 45 अंशांत 212. पट्टा आखूड पडला आणि कोन 30 अंशांवर आला, की प्रत्येक पायावर पूर्ण 300. वजन तेच, पट्टा तोच, आणि ताण जवळपास पावणेदोन पट.

पोटमाळ्याच्या जमिनीचेही असेच. भारतीय मानकानुसार घराची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलो धरून बांधतात, गोदामाची किमान 750 किलो. घरासारख्या चॅनेल-प्लायवर कारखान्याचा माल रचला, तर चेन ब्लॉक कितीही चांगला असो, उपयोग नाही. डाय वर पोचल्यावर ती खालच्या खांबाजवळ ठेवावी, मधोमध नको.

सर्वांत फसवा आहे तो शेवटचा अर्धा मीटर. डाय माळ्याच्या उंचीला आली, पण काठापासून हातभर दूर लोंबकळते आहे. वरचा माणूस म्हणतो, ‘थांब, मी ओढून घेतो.’ खाली असताना चार मीटर लांब साखळीवर हीच डाय अर्धा मीटर बाजूला न्यायला 38 किलोंचा जोर पुरतो, म्हणजे दोघांनी सहज ढकलावी. वर आल्यावर साखळी मीटरभरच उरते आणि तेवढ्याच अर्ध्या मीटरसाठी 173 किलो लागतात. ओढणारा उभा असतो उघड्या काठावर. हात जरा सुटला, तर डाय परत जाताना त्यालाही घेऊन जाते. त्यामुळे गर्डर माळ्याच्या काठाशी न संपवता मीटर-दीड मीटर आत न्यावा आणि ब्लॉक त्यावर चाकांच्या ट्रॉलीला टांगावा. मग साखळी सरळ उभी राहते आणि डाय एका हाताने सरकत आत येते. गर्डरच्या दोन्ही टोकांना ट्रॉली अडवणारे तुकडे वेल्डिंग करून घ्यायला मात्र विसरू नये.