शहाणी झाली, पण सांगितलं कुणी?

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की सातवी-आठवीच्या मुलींमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. एक मुलगी दोन पावलं पुढे जाते, दुसरी मुद्दाम मागे राहते. "बघ ना गं." मागची नजर टाकते. "काही नाही, चल." कधी मात्र ती काहीच बोलत नाही. आपला स्वेटर काढते, पुढचीच्या कमरेला बांधते आणि वर्गापर्यंत तिच्या पाठीला चिकटून चालत जाते. मी वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मधूनमधून मूल्यशिक्षणाचा तासही घेतला. चांगुलपणावर तिथे सांगितलेली माझी एकही गोष्ट त्या स्वेटरच्या जवळपास जात नाही.

मुली एकमेकींना सांभाळून घेतात. गोंधळ असतो तो मोठ्यांच्या डोक्यात. आपल्याकडे न्हाण आलं की 'पोर शहाणी झाली' म्हणतात, पण शहाणं करण्याचं काम कुणीच अंगावर घेत नाही. बहुतेकींची पाळी सुरू होते सहावी-सातवी-आठवीत, आणि मानवी प्रजननाचा सविस्तर धडा येतो दहावीला, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात. मधल्या काळात ऐकीव गोष्टींचं राज्य. पालकसभेत आणि स्टाफरूममध्ये पुन्हा पुन्हा कानावर आलेली त्यातली काही वाक्यं इथे घेते.

"अजून लहान आहे, आली की सांगू."

एकदा शेवटचा तास सुटला तरी एक मुलगी बाकावरून उठेना. सगळा वर्ग रिकामा झाल्यावर म्हणाली, "बाई, मला आतून काहीतरी लागलंय." वहीची पानं फाडून तिने खाली घेतली होती. घरी आई होती, आजी होती, मोठी चुलत बहीण होती. तिघींनीही 'आली की सांगू' असंच ठरवलं असणार.

पाळी अचानक टपकत नाही. आधी छातीला गाठीसारखा उभार येतो, साधारण आठ ते तेरा या वयात कधीही. तिथून सरासरी दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. म्हणजे शरीर दोन वर्षं आधी नोटीस देतं आणि ती नोटीस घरातल्या बायकांना दिसतही असते. मुलगी ओढणी मागते किंवा पोक काढून चालायला लागते, त्याच आठवड्यात बोलायला बसावं. तेरा पूर्ण होऊनही छातीची वाढ सुरूच झाली नसेल किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं.

"अंगावर पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात."

हाडांचा यात काहीच संबंध नाही. पहिल्या पाळीच्या काही महिने आधीपासून पातळ, पांढरट किंवा पारदर्शक स्राव जायला लागतो. इस्ट्रोजेन वाढल्याची ती खूण. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील तर मात्र संसर्ग असू शकतो, तेव्हा औषध लागतं. एरवी 'अशक्तपणा आलाय तुला' असं म्हणून एका धडधाकट मुलीला आजारी ठरवू नये.

"महिन्याच्या महिन्याला यायलाच हवी. आणि दुखायचंच, सवय होते."

या दोन वाक्यांत आपण बरोबर उलटं करतो. ज्याची काळजी नको त्याची करतो, जी हवी ती करत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं बीजकोशाची मेंदूशी लय जमत असते, दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. त्यामुळे या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तीन महिन्यांहून जास्त खाडा, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजणं, हे मात्र दाखवण्यासारखं आहे. दुखण्याचंही तसंच. थोडी ओढ, कंबर धरणं नेहमीचं. पण दर महिन्याला शाळा बुडत असेल तर 'आम्हीही सोसलं' हे उत्तर पुरेसं नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी महिन्याचे एक-दोन दिवस, काहीतरी खाऊन, घेतली तर पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. ही भीती मी चांगल्या शिकलेल्या आयांच्या तोंडूनही ऐकली आहे.

पाळीत हात लावला की लोणचं नासतं, या समजाबद्दल फार लिहीत नाही. ते ओल्या चमच्याने नासतं. माझ्या सासूबाईंनी पासष्टाव्या वर्षी पाळी चालू असलेल्या नातीलाच बरणी काढायला पाठवलं, वर्षभर लोणचं टिकलं, विषय संपला.

"पाळी आली, आता उंची खुंटली."

वाढीचा वेग मंदावतो, वाढ थांबत नाही. पहिल्या पाळीनंतरही बहुतेक मुली पाच-सात सेंटिमीटर वाढतात. उंचीच्या पावडरींचे पैसे वाचवावेत.

"सुटली आहेस, भात बंद कर."

हे वाक्य लग्नात, बारशात, सत्यनारायणाला कुठलीही काकू म्हणू शकते. मुलगी हसते आणि ताटातली पोळी परत ठेवते. या वयात कंबर-मांड्यांवर चरबी येणं हा वयात येण्याचाच भाग आहे. खरी कमतरता दुसरीकडे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. पहिल्या तासाला डुलकी, जिना चढताना धाप, अभ्यासात लक्ष नाही, यांतलं बरंचसं आपण 'आळशी झाली' या खात्यावर टाकतो.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी यासाठीच असते. तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली त्या गोळ्या चिंचोक्यांसारख्या पडलेल्या असायच्या. कारण विचारलं तर "बाई, काळी शी होते." होते, कारण न शोषलेलं लोह तसंच बाहेर पडतं, त्याने अपाय नाही. जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही, जमलं तर लिंबू पिळलेल्या भाजीबरोबर. एवढं सांगितल्यावर खिडकीखालच्या गोळ्या कमी झाल्या. पूर्ण बंद झाल्या असं म्हणणार नाही.

"नखरे आहेत सगळे."

काही असतातही. पण रात्री अकरापर्यंत झोप न येणं आणि सकाळी सहाला जाग न येणं हा नखरा नाही. वयात येताना झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, उशिरा पाझरायला लागतं. गरज मात्र आठ ते दहा तासांचीच राहते. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. निर्णय चांगला, पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं त्या आठवी-नववीच्या मुली सातच्या शाळेला तशाच धावताहेत. अर्धवट झोपेत कुणाचाही पारा चढतो.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, मैत्रिणी नकोशा झाल्या, जेवण सुटलं, मनगटावर ओरखडे दिसले, तर थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकही असतात.

"चांगली मुलगी सगळ्यांशी गोड वागते."

माझ्या मते सगळ्यात घातक समज हाच. अंगाला हात लावणाऱ्या नातेवाइकाला 'नको' म्हणता न येणं हा गोडवा नाही. दुसऱ्याची काळजी घेणं आणि स्वतःला पुसून टाकणं यांतला फरक मुलीला दाखवायचा, तर आधी घरात तिचा नकार ऐकला जायला हवा. काकांच्या मांडीवर बसायचं नाही म्हणाली, तर बसवू नये.

याच समजाचं दुसरं टोक म्हणजे 'मुलीच मुलींच्या वैरी'. डब्याच्या गोलातून एकीला वगळणं, अबोला, व्हॉट्सअप ग्रुपमधून काढणं हे मुली करतात, आणि अभ्यास सांगतात की मुलगेही जवळजवळ तितकंच करतात. एकटी पडलेली मुलगी सावरते ती भाषणाने नाही. शेजारची आपला डबा उचलून तिच्या बाकावर येते, तेव्हा.

"मुलांना कशाला सांगायचं?"

पॅडची माहिती द्यायला ताई आल्या की आम्ही मुलांना मैदानावर पिटाळायचो. ती लपवाछपवीच मग चिडवण्याचं भांडवल व्हायची. शेवटची काही वर्षं मी आठवीलाच, मुलगे-मुली एकत्र बसवून, फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढली. पहिली दहा मिनिटं खिदळणं, मग शांतता, मग प्रश्न. पहिला प्रश्न एका मुलाचा होता: "बाई, रक्त किती जातं?" साधारण तीस-चाळीस मिली, म्हणजे सहा ते आठ चहाचे चमचे, असं सांगितलं. तो म्हणाला, "माझी ताई तर दिवसभर झोपून असते." त्याला वेदना म्हणजे काय ते सांगितलं.

वर्गाच्या कपाटात एक बुटांचं खोकं ठेवलं होतं. लागेल तिने पॅड घ्यायचं, जमेल तिने ठेवायचं, नाव कुणी लिहायचं नाही. एका शुक्रवारी मॉनिटर हजेरीपट घेऊन आला आणि जाता जाता, खडू संपलेत हे सांगावं त्याच सुरात म्हणाला, "बाई, ते खोकं रिकामं झालंय."