शिवनेरीवरचा कैदी आणि वसईचा तह

दुसऱ्यांच्या यादवीत बाहेरच्या सत्तेनं पडावं का, हा प्रश्न बातम्या ऐकताना आपल्याला नेहमी पडतो. मी जुन्नरचा, त्यामुळे मला तो शिवनेरीवर आठवतो.

शिवजन्मस्थान म्हणून आपण गडावर जातो. पण १७९४ साली नाना फडणवीसांनी रघुनाथरावांच्या मुलांना इथेच कैदेत ठेवलं होतं. त्यातला बाजीराव तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो जन्मला १७७५ साली. त्याच वर्षी त्याच्या वडिलांनी पेशवाईसाठी सुरतेला इंग्रजांशी तह केला होता. गंमत बघा, मुंबईकर इंग्रजांचा तो तह कलकत्त्याच्या इंग्रजांनीच अन्याय्य ठरवला. म्हणजे हा वाद तेव्हापासूनचा आहे.

१७९६ मध्ये शिवनेरीचा कैदी पेशवा झाला. १८०१ मध्ये त्यानं विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतराव चाल करून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला. यशवंतरावांनी परत या म्हणून निरोप धाडले, पण विठोजींचं प्रकरण मनात असणारा माणूस परत कसा येईल? तो इंग्रजांकडे वसईला पोचला.

३१ डिसेंबरला तह झाला. कंपनीच्या किमान सहा पलटणी कायम पेशव्यांकडे राहणार, खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख कंपनीला, आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर कुणाशी बोलणी नाहीत. माझ्या मते खरी मेख या शेवटच्या कलमात आहे. फौज उद्या परत जाऊ शकते, पण आपल्याच घरातल्या भांडणात तडजोड करायचा हक्क एकदा दिला की गेला.

कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्लीचं म्हणणं सरळ होतं: हक्काच्या पेशव्यानं स्वतः मदत मागितली, आणि फ्रेंचांना इथे शिरू द्यायचं नाही. लंडनहून लॉर्ड कॅसलरे यांनी शंका काढली की या तहानं आपण मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणांत ओढले जाऊ. गव्हर्नर जनरलचा भाऊ आर्थर यानं तहाची बाजू मांडली खरी, पण बाजीराव म्हणजे शून्य, असंही तोच लिहून गेला. ज्याच्या हक्कासाठी आलो तोच शून्य! मग हक्क नेमका कुणाचा राखला?

मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्यात परत गादीवर बसला, तेही लढाई न होता. मात्र न विचारता केलेला तह शिंदे-भोसल्यांना मान्य नव्हता. सप्टेंबरात असईला हजारो माणसं पडली. यादवी थांबवायला आलेल्यांनी त्याहून मोठं युद्ध केलं.

आता जरा आंबेगावकडे. घोडेगाववरून भीमाशंकरला जाता ना, तिथली मोठी घंटा बघा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिकडची ती. चिमाजीअप्पा या बाजीरावाच्या आजोबांचे सख्खे भाऊ. परक्यांना जिथून हुसकलं, तिथेच ६३ वर्षांनी नातवानं परक्यांच्या तहावर सही केली.

तरी बाजीरावाला नुसतं पळपुटा म्हणून मी सोडणार नाही. ज्याचं तरुणपण आपल्याच माणसांच्या कैदेत गेलं, त्याला परका जवळचा वाटला, यात नवल काय? चूक शिवनेरीवरही झाली होती. १८१८ मध्ये शिवनेरीही इंग्रजांकडे गेली, आणि बाजीराव आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला.

पुढच्या भागात याच तैनाती फौजेचा खर्च बघू.