एकच बेसाल्ट, दोन नकाशे

मूळ रचना बिघडलेली नसेल तर खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडलेले तत्त्व भूशास्त्रीय नकाशाचा पाया आहे. ते चंद्रालाही लागू पडते, हे यूजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन यांनी १९६० च्या सुमारास कोपर्निकस विवराच्या परिसरात दाखवून दिले. चंद्रावर पाऊल पडण्याआधी, केवळ दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रांवरून, त्यांनी कोणता थर कोणावर पसरला आहे ते ताडले. कोपर्निकसमधून उसळलेला राडारोडा एराटोस्थेनीस विवरावर पडलेला दिसतो, एराटोस्थेनीस ज्या काळसर मैदानावर आहे ते त्याच्याहून जुने, आणि ते मैदान इंब्रियम खोऱ्याच्या आघातात उसळलेल्या थरांनंतरचे. अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांमुळे या क्रमाला वर्षांचे आकडे मिळाले. पुढे अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेने २०२० मध्ये संपूर्ण चंद्राचा एकसंध नकाशा प्रसिद्ध केला.

चंद्रावरची ती काळसर मैदाने बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाची आहेत, आणि महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभागही त्याच जातीच्या खडकाने व्यापलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्टमध्ये झालेले आघातविवर असल्याने चंद्राच्या अभ्यासकांना त्याचे विशेष महत्त्व वाटते. साम्य मात्र इथवरच. चंद्राच्या नकाशातून प्रामुख्याने घटनांचा क्रम आणि वय वाचले जाते, तर दख्खनच्या नकाशाला पाणी कुठे मुरेल आणि कुठे अडेल हेही सांगावे लागते, आणि ते अधिक अवघड काम आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाप्रवाहांपैकी प्रत्येकाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. त्यालाच विहीर खोदणारे मांजऱ्या खडक म्हणतात. त्यातील पोकळ्या पुष्कळदा झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेलेल्या असल्यामुळे छिद्रे असूनही, भेगा आणि झीज यांच्याशिवाय तो फारसे पाणी देत नाही. प्रवाहाचा घट्ट मधला भाग भेगाळलेला नसेल तर कोरडाच राहतो, आणि दोन प्रवाहांमधला तांबड्या मातीचा थर अनेकदा पाण्याची वाट अडवतो. एका शेतातली विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी, यामागे नशिबापेक्षा ही रचनाच असते, ही गोष्ट पाणाड्यांच्या दाव्यांपुढे वारंवार विसरली जाते.

म्हणूनच केवळ पृष्ठभागावरचे रंग पुरत नाहीत. विहिरींच्या कडा, बोअरमधून निघालेला चुरा, विद्युत रोधाची मोजणी आणि पाणीपातळीच्या नोंदी जोडून उभा छेद रेखाटावा लागतो. १९७२ मध्ये स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करते, आणि केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून देशभर जलधरांचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकथरांचे, नकाशे तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. या नकाशांवरील रेषा तालुक्याच्या किंवा गावाच्या हद्दीशी जुळत नाहीत, त्यामुळे एका गावाने घेतलेल्या खोल बोअरचा परिणाम शेजारच्या गावाच्या विहिरीवरही होऊ शकतो.